मेंदूची राखण

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढच्याच वर्षी करवीरमधल्या चिखली गावात या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. त्याआधी, १९०१ पासूनच, शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघू लागली होती. पिढ्यानपिढ्या अक्षरापासून लांब ठेवलेल्या लोकांच्या हाती पाटी-पेन्सिल द्यायची, एवढा स्पष्ट हेतू त्यामागं होता. म्हातारपणी माणसाची स्मृती टिकण्याशी या कायद्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. आज स्मृतिभ्रंशावरचं जगभराचं संशोधन चाळताना मात्र पहिली पायरी शाळेचीच लागते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं स्मृतिभ्रंशावर एक तज्ज्ञगट नेमला आहे. ज्यांना आपण हात घालू शकतो अशी कोणकोणती कारणं या आजारामागं आहेत, याचा तो गट दर काही वर्षांनी आढावा घेतो. २०१७ च्या अहवालात अशी ९ कारणं होती, २०२० मध्ये १२ झाली आणि २०२४ मध्ये १४. ही चौदाही कारणं समाजातून हटवता आली, तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. या यादीत आयुष्याच्या सुरुवातीच्या काळातलं कारण एकच आहे: अपुरं शिक्षण.

शिकल्यानं मेंदूत नेमकं काय होतं? मृत्यूनंतर तपासलेल्या काही मेंदूंमध्ये अल्झायमरच्या सगळ्या खुणा, म्हणजे पेशींभोवती साचलेली प्रथिनांची पुटं आणि पेशींच्या आतले गुंते, भरपूर सापडल्या. पण ती माणसं शेवटपर्यंत शहाण्यासारखी बोलत-चालत होती, हिशेब करत होती. लहानपणापासून वाचन, गणित, वाद, पाठांतर यांनी मेंदूत इतके जोड तयार झालेले असतात की काही वाटा बंद पडल्या तरी काम दुसऱ्या वाटेनं निघतं. आजार येतो, पण त्याची लक्षणं उशिरा दिसतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला चार-पाच वर्षांचा उशीर म्हणजे बहुतेक वेळा उरलेलं सगळं आयुष्यच.

भारतातल्या साठीपुढच्या लोकांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबानं आपल्याकडे ७.४ टक्के ज्येष्ठांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत सर्वांत ठळक. आज सत्तरीत असलेल्या किती आज्यांना धाकट्या भावंडाला सांभाळायला किंवा शेण-पाण्याला म्हणून दुसरी-तिसरीतून काढलं गेलं, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात विचारून पाहता येईल. त्यांच्या म्हातारपणावर त्या निर्णयाची सावली आहे. म्हणून एखाद्या आईला आठवेनासं झालं की तिच्या खाण्यापिण्यावर आणि स्वभावावर ठपका ठेवण्याची जी घाई घरोघरी होते, ती मला अन्यायाची वाटते. उरलेले ५५ टक्के आजही कुणाच्या हातात नाहीत, आणि पहिल्या ४५ टक्क्यांतलंही बरंचसं त्या बाईच्या हातात कधी नव्हतं.

शाळेनंतरची बहुतेक कारणं मात्र चाळिशी-पन्नाशीतली आहेत आणि त्यांच्याबाबत अजून पुष्कळ करता येतं. अल्झायमरमधली प्रथिनं मेंदूत साचायला लागतात ती पहिली विसर पडण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण साठीची वाट पाहत बसतो. मेंदूची राखण त्याच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

या मधल्या वयातल्या कारणांत सर्वांत वजनदार ठरलेल्या दोन कारणांपैकी एक आहे वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. त्याची रक्त तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते. दुसरं कारण आहे बहिरेपण. त्याकडे कुणी आजार म्हणून बघतच नाही, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर ते पगाराबरोबर मिळतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. त्यातून एक अख्खं शहर उभं राहिलं. इथं यंत्रमागाला साचा म्हणतात. साच्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की पहिल्या क्षणी कळतं ते हे, की इथं बोलून काही उपयोग नाही. लाकडी धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, आपटतो, परत येतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे कितीतरी साचे एकाच पत्र्याखाली. कामगार एकमेकांशी हातानं, भुवयांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळं खुणेवर चालतं. हा आवाज ९० डेसिबलच्या पुढं जातो, आणि पाळी आठ नाहीतर बारा तासांची. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हे बहिरेपण एकदम येत नाही, त्यामुळं ओळखू येत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'त', 'थ' ही व्यंजनं धूसर होतात. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं नीट लागत नाही, पण जाड आवाजाच्या गड्याचं लागतं, म्हणून माणूस स्वतःला बहिरा मानत नाही. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं आणि दुकानात वाद होतो. घरात टीव्हीचा आवाज वाढत जातो. लग्नाच्या पंगतीत चार माणसं एकदम बोलायला लागली की हा गडी नुसता हसून मान हलवतो. पुढं पुढं तो पंगतीतच बसायचं टाळतो.

कान आणि स्मृती यांचं नातं इथंच जुळतं. अर्धवट ऐकलेल्या वाक्यातले तुटलेले शब्द भरून काढायला मेंदूला जी मेहनत पडते, ती लक्षात ठेवण्याच्या कामातून वजा होते. ज्या भागात आवाज पोचत नाहीत तो भाग वापराअभावी रोडावत जातो. आणि माणूस माणसांतून उठतो. यातलं कुठलं कारण किती वाटा उचलतं यावर संशोधकांत मतभेद आहेत. तिन्ही मिळून घात करतात, असं माझं वाचनावरून बनलेलं मत आहे.

मग श्रवणयंत्र लावलं तर फायदा होतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अर्ध्या लोकांना श्रवणयंत्रं आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण दिलं, अर्ध्यांना नुसतं आरोग्याचं मार्गदर्शन. तीन वर्षांनी सगळ्यांची गोळाबेरीज केली तेव्हा फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, वय जास्त, हृदयविकाराची कारणं जास्त, त्या गटात यंत्र लावलेल्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र हा सर्वांसाठी रामबाण उपाय नव्हे. पण बीपी, शुगर आणि बहिरेपण तिन्ही एकत्र असलेल्या माणसासाठी ते टाळण्यासारखंही नाही. आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांची अवस्था नेमकी हीच असते.

महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी ३००० रुपये बँक खात्यात मिळतात. चांगलं श्रवणयंत्र एवढ्यात येत नाही, ही खरी अडचण आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे कानाची तपासणी न करता बाजारातून आणलेलं यंत्र नुसता गोंगाट वाढवतं आणि आठवड्याभरात कपाटाच्या खणात जातं. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, तिच्या आलेखावरून यंत्र लावून घ्यावं, आणि पहिले दिवस शांत खोलीत एका माणसाशी बोलताना थोडा वेळ वापरावं; मग वेळ वाढवावा. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर सुरुवातीला असह्य वाटते, कारण बरीच वर्षं ती कानावरच पडलेली नसते. ज्यांच्या कानांना अजून वाचवता येईल, त्यांच्यासाठी फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. कानात कापूस घालून साच्यावर उभं राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कापसानं हा आवाज फारसा अडत नाही. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. मिरवणुकीत डॉल्बीसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या पोरांची तर वेळही अजून गेलेली नाही. त्यांना हे कुणी तरी आत्ताच सांगायला हवं.

कानाइतकीच दुर्लक्षित दुसरी गोष्ट म्हणजे रक्तदाब. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के तो घेतो. तो घेऊन येणारं रक्त शेवटी केसाहून बारीक वाहिन्यांतून आतल्या थरांत पोचतं. उसाला पाट सोडला आणि पाटाचे काठ ढासळले की पहिल्यांदा शेवटची सरी कोरडी पडते. मेंदूचंही तसंच होतं. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबानं बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात आणि सर्वांत आत, टोकाला असलेल्या भागाचं पोषण तुटतं. लकवा आला तर घरातल्यांना कळतं. हे असं बारीक बारीक कोरडं पडत जाणं कुणाला दिसत नाही. फक्त माणूस मंदावतो, चिडका होतो, निर्णय घ्यायला कचरतो.

चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतल्या जवळजवळ ३४,००० लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत तज्ज्ञ डॉक्टर नेले नाहीत. गावच्याच आरोग्यसेवकांना शिकवलं आणि त्यांनी घरच्या घरी दाब मोजायला लावून, स्वस्त किंवा मोफत औषधं देऊन लोकांचा रक्तदाब कसून ताब्यात ठेवला. चार वर्षांत त्या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला या प्रयोगात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की यातली एकही गोष्ट आपल्या उपकेंद्रांच्या आवाक्याबाहेरची नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रात आहे, आशाताई दारापर्यंत येतात, गोळ्याही मिळतात. गाडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'बीपीची गोळी एकदा धरली की कायमची मागं लागते' म्हणून लोक ती सुरूच करत नाहीत, नाहीतर दाब नीट आला की 'आता बरं झालं' म्हणून बंद करतात. दाब नीट आलेला असतो तो गोळीमुळंच.

जेवणाबद्दल लांबण लावत नाही. ठेचा, लोणचं, पापड आणि वरून फरसाण असं ताट रोजचं असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या मर्यादेत राहणं कठीण. आणि कोल्हापुरी गूळ कितीही नामांकित असला तरी मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच चढतो. 'साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो' हा उपाय नव्हे. विडी-सिगारेट स्मृतिभ्रंशाच्या यादीत थेट आहे. मिसरी लावणाऱ्या बायकांनाही आपण तंबाखूच वापरतो हे सांगावं लागतं, कारण मिसरीला व्यसन म्हणायची रीतच नाही.

व्यायामाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना उपदेश करायला कुणालाही संकोच वाटेल. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नुसती तालमींची नावं नाहीत, ती इथली घडण आहे. पण मेंदूच्या दृष्टीनं पैलवानकीत एक मोठा धोका लपला आहे. पंचविशी-तिशीत कुस्ती सुटते, जोर-बैठका सुटतात. दूध, तूप, मटणाचा खुराक मात्र तसाच राहतो. चाळिशीत पोट, पन्नाशीत बीपी आणि शुगर. तरुणपणी कमावलेलं शरीर साठीपर्यंत पुरत नाही. रंकाळ्यावर सकाळी झपझप फेऱ्या मारणारा साधा कारकून या बाबतीत मैदान सोडलेल्या मल्लाच्या पुढं असतो. व्यायाम कुठलाही चालेल. तो अखंड हवा.

फुटबॉलचं थोडं वेगळं. पेठापेठांतली ईर्षा, तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी, हे वैभव राज्यात दुसरीकडं क्वचितच बघायला मिळेल. खेळानं हृदय आणि मेंदू दोन्ही सुधारतात, यात शंका नाही. पण डोक्यानं चेंडू मारण्याबद्दल आता सावध व्हायला हवं. ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. सामान्य लोकांच्या तुलनेत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी त्यांचा मृत्यू होण्याचं प्रमाण साडेतीन पट निघालं. गोलरक्षकांत मात्र असा वाढीव धोका दिसला नाही. २०२० मध्ये स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. आपल्या तालमींच्या मैदानावर दहा-अकरा वर्षांच्या पोरांकडून हेडरचा सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षकांनी एवढं ऐकलं तरी पुरे. आणि दुचाकीवरच्या हेल्मेटला होणारा विरोध जरा बाजूला ठेवून एवढं ध्यानात घ्यावं: डोक्याचा जबर मार हे त्या चौदांपैकी एक कारण आहे.

आता आपल्या भागाची एक जमेची बाजू. शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडच्या कितीतरी घरांत आजीची भाषा कानडी, शाळेची मराठी, आणि संकेश्वर-निपाणीच्या बाजारात दोन्हींची सरमिसळ. बोलताना एका भाषेला थांबवून दुसरीला पुढं करण्याचा हा खेळ मेंदू दिवसभर खेळत असतो. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली. कधीही शाळेत न गेलेल्यांतही हा फरक टिकून होता. म्हणजे हे श्रेय शिक्षणाचं नव्हतं. इतरत्रच्या सगळ्याच अभ्यासांत असा निकाल आलेला नाही, हे खरं. तरी सीमाभागातल्या आईबापांनी मुलांची कानडी 'गावंढळ' म्हणून तोडू नये, असं मला मनापासून वाटतं. अशिक्षित आजीला जी शिदोरी मिळाली होती ती शिकलेल्या नातवाकडून का काढून घ्यायची?

उतारवयात उरतात ती कारणं तीन: एकटेपण, प्रदूषित हवा आणि अधू डोळे. अमेरिकेतल्या ३,०३८ ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांना, तो न काढलेल्यांपेक्षा स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघत दोन-दोन वर्षं अंधूक काढणाऱ्यांनी ही वाट बघणं सोडावं. एकटेपणावर मात्र शस्त्रक्रिया नाही. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि पेठेतल्या चार खणांच्या घरात दोनच म्हातारी माणसं. त्यातलं एक गेलं की दुसरं टीव्हीसमोर. अशा वेळी भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कोपऱ्यावरचा कट्टा यांना करमणूक समजू नये. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली टिकली. त्यातलं बरंचसं ते मिळून करत होते. त्याउलट, ३,०६९ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना सहा वर्षांच्या आसपास जिंको या वनस्पतीच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा स्मृतिभ्रंश टळला नाही. मेंदूच्या टॉनिकवर खर्च होणारे पैसे कानाच्या तपासणीवर घालावेत.

एवढं करूनही घरातल्या कुणाबद्दल शंका येऊ शकते. नाव आठवायला वेळ लागणं, चष्मा कुठं ठेवला ते विसरणं, हे वयाचं. पण जन्मभर ज्या बाईच्या हाताला अंदाज होता तिनं आमटीला दोनदा फोडणी द्यावी, कारखान्याचं ऊसबिल तोंडी जुळवणाऱ्या माणसानं साध्या वजाबाकीला अडावं, बिंदू चौकातून महाद्वार रोडला जाणारी पायाखालची वाट चुकावी, हे वयाचं नव्हे. अशा वेळी 'आता वय झालं' म्हणून घरी बसवू नये, कारण यातली काही कारणं बरी होणारी असतात. ब १२ जीवनसत्त्व कमी असणं, विशेषतः शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत. थायरॉइडचं काम मंदावणं. नैराश्य. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या. महिना-दीड महिन्यापूर्वी न्हाणीत घसरून पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन, एवढ्यावर यातलं बरंच उलगडतं. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, आणि रुग्णाबरोबर एकाच घरात राहणारं माणूस न्यावं. सणावाराला येणाऱ्या मुलापेक्षा रोज ताट वाढणाऱ्या सुनेला जास्त माहिती असते.